तंबोऱ्याची जवारी ऐकू येणारा हेडफोन: कमी पैशांत, कोल्हापुरात बसून कसा निवडायचा

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात दोन हेडफोन धूळ खात पडलेत. एकात ढोलाशिवाय काही ऐकू येत नाही. दुसऱ्यात 'स' आणि 'श' टाचणीसारखे टोचतात. दोन्ही मिळून साडेसात हजार गेले. रोज रात्री मी ज्यावर ऐकतो तो मात्र दोन हजारांच्या आसपासचा, वायरवाला इन-इअर आहे, चारचौघांत दाखवायलाही काही नाही असा. खणातल्या त्या साडेसात हजारांची थोडी वसुली म्हणून हे लिहितोय.

ज्याला निवांत बसून गाणं ऐकायचंय, खिशात दोन ते आठ हजार आहेत आणि दहा मॉडेल कानाला लावून बघायची सोय जवळ नाही, त्याच्यासाठी हा लेख आहे. गेम, जिम आणि दिवसभराचे कॉल यांची गणितं वेगळी असतात, ती इथं नाहीत.

सुरुवातीला जवळ काय हवं

- तुमचा नेहमीचा फोन आणि त्याला ३.५ मिलिमीटरचं भोक आहे की नाही याची माहिती
- पाठ असलेली चार-पाच ध्वनिमुद्रणं, फोनमध्ये उतरवून ठेवलेली. त्यात एक तंबोऱ्यासह गायन, एक भजन, एक ढोलकी किंवा हलगीचं हवं
- एक शांत तास. बाजारात तो मिळत नाही, घरीच काढावा लागतो

१. कुठे ऐकणार ते आधी ठरवा

डोक्यावरचे हेडफोन दोन तऱ्हेचे. क्लोज्ड-बॅक म्हणजे कपाची पाठ बंद. बाहेरचं आत फारसं येत नाही, आतलं बाहेर फारसं जात नाही. ओपन-बॅक म्हणजे पाठीला जाळी. आवाज मोकळा, गवय्या समोर बसल्यासारखा वाटतो, पण शेजारी बसलेल्यालाही अर्धं गाणं ऐकू जातं आणि कुकरच्या शिट्ट्या तुमच्या कानात येतात. स्वतंत्र खोली असेल तरच ओपन-बॅक घ्या. गल्लीत गणपती बसले की त्या अकरा दिवसांत त्याचा उपयोग शून्य, हेही धरून चाला.

तिसरा प्रकार इन-इअर, कानाच्या नळीत बसणारा. कमी पैशांत सगळ्यात जास्त बारकावा आज इथंच मिळतो. केएमटीत, एसटीत, शिरोलीच्या कंपनी-बसमध्ये तोच चालतो. गाडी चालवताना मात्र कोणताच नको.

२. 'डिटेल' म्हणजे काय, ते कानाला कळू द्या

माझी सगळ्यात महागडी चूक इथं झाली, म्हणून इथं जरा थांबतो.

पहिला हेडफोन मी मित्राच्या सांगण्यावरून घेतला. "भावा, नुसता जाळ अन् धूर संगटच!" असं त्याचं वर्णन होतं आणि ते खरं निघालं. गाणं त्या धुरातच राहिलं. मग त्याचा राग म्हणून दुसरा घेतला, 'क्रिस्टल क्लिअर' वाला. दुकानात दहा मिनिटं ऐकला आणि थक्क झालो. गायकाचा श्वास, तबल्याच्या शाईवरचं बोट, सगळं लखलखीत. घरी चाळीस मिनिटांत काढून ठेवला. कपाळ ठणकत होतं.

घडलं ते असं. साधारण ६ ते ९ हजार हर्ट्झचा, म्हणजे वरच्या तीक्ष्ण आवाजांचा, पट्टा कंपनीनं उचलून ठेवला की प्रत्येक आवाजाची कड चकचकीत होते. कानाला वाटतं, वा, नवीन काहीतरी ऐकू आलं. नवीन काहीच नसतं, फोडणीत मोहरी जास्त पडलेली असते. खरा बारकावा म्हणजे दोन आवाज एकाच वेळी वाजत असताना ते वेगवेगळे ऐकू येणं, आणि तेही आवाज लहान ठेवून. हे तपासायला आपल्याकडे तीन उत्तम साधनं आहेत, कारण ती आपण प्रत्यक्ष ऐकलेली असतात.

*तंबोरा.* तंबोऱ्यांचं गाव मिरज इथून पन्नासेक किलोमीटरवर. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली की तार छेडल्यावर स्वर नुसता वाजत नाही, उमलत जातो. त्याच्या शेपटीत वरचे स्वर एकेक करून चमकून जातात. आलाप चालू असताना मागच्या तंबोऱ्याच्या चार तारा मोजता येतात का बघा: पंचम, दोन जोडीच्या तारा, खर्ज. चांगल्या हेडफोनवर गायकाच्या आवाजाखालूनही मोजता येतात. वाईटावर मागे नुसती 'घूंऽऽ' राहते, फ्रिज चालू असल्यासारखी.

*टाळ.* भजनातला टाळ आधी 'टण्' होतो आणि मग धातू घुमत राहतो. वरचा पट्टा फुगवलेल्या हेडफोनवर त्याचं 'छस्स' होतं. घुमणं गायब, फक्त फुसकारा.

*हलगी आणि घुमकं.* खासबागेत कुस्ती बघताना हे ऐकलेल्या माणसाला सांगायला नको. घुमकं छातीत बसतं आणि त्यावर हलगीची बारीक काडी कडकडते. हेडफोनवर घुमकं काडीला गिळतं का? गिळत असेल तर खालचा पट्टा सैल आहे, डब्यावर 'एक्स्ट्रा बास' लिहिलेलं असो वा नसो.

आमचे काका भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना मी 'क्रिस्टल क्लिअर' आणि हा दोन हजारांचा, असे दोन्ही लावून दिले. किमती सांगितल्या नाहीत. पहिल्याला म्हणाले, "ह्यात कोण तर वरडायलंय." दुसऱ्याला जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ह्यात पेटीचा भाता ऐकायला येतोय की रं." त्यानंतर मी कुठल्याही परीक्षणापेक्षा काकांवर जास्त विश्वास ठेवतो.

जुनं गाणं ऐकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. हे अल्लादियाखाँसाहेबांचं गाव, तेव्हा त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या जुन्या तबकड्या ऐकणारे इथं बरेच. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. १९२५ नंतर मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं तरी त्या काळच्या तबकडीत फार वरचा पट्टा नसतोच. त्याच्या वर उरते ती सुईची खरखर. म्हणजे तीक्ष्ण हेडफोन तुम्हाला केसरबाई जास्त ऐकवत नाही, खरखर जास्त ऐकवतो. अशांनी थोडा उबदार, वरून शांत हेडफोन बघावा.

३. पैसे किती, त्यात काय

किमती सणासुदीला हलतात, म्हणून अंदाजच देतो.

दोन हजारांच्या आसपास: इन-इअर. मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हन हर्ट्झ झिरो २. दोन्हीत १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा), दोन्हीची वायर निघते, म्हणजे वायर तुटली तर नवीन वायर, नवीन हेडफोन नव्हे. झिरो २ खालून भरलेला, चू २ वरून जरा उजळ. गायन जास्त ऐकत असाल आणि कान नाजूक असतील तर मी झिरो २ सांगेन.

कानात काही खुपसायला आवडत नसेल तर कॉसचा केएससी७५ बघा. कानावर अडकवायचा, दिसायला खेळण्यातला, पण गायकाचा आवाज असा सरळ देतो की हसू येतं. तो उघडा आहे, बसमध्ये नको. त्याचाच मोठा भाऊ पोर्टा प्रो १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जातोय.

पाच-सहा हजार: डोक्यावरचा बंद हवा असेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स. वायर तीन मीटर लांब आणि कायमची बसवलेली. टेबलाशी बसून ऐकायला ठीक, रस्त्यावर लोढणं. थोडे पैसे वाढवता आले तर एम४०एक्स, त्याची वायर निघते. उघड्यांत फिलिप्सचा एसएचपी९५०० मिळाला तर सोडू नका. ३२ ओहमचा आहे, फोनवर सहज वाजतो.

माझा एक मित्र चित्रनगरीत मालिकांच्या सेटवर ध्वनिमुद्रणाला असतो. त्याच्या गळ्यात सोनीचा एमडीआर-७५०६ असतो, १९९१ पासून चालत आलेलं मॉडेल. "स्टुडिओत हाच वापरतात, डोळे झाकून घे," असं तुम्हालाही कुणी सांगेल. स्टुडिओत तो चुका शोधायला वापरतात. माइकला लागलेला कपड्याचा घासा त्याला ऐकायचा असतो. मला तो तासभर सोसत नाही.

आणि ब्लूटूथ? तीन-चार हजारांच्या आत, बारकावा हवा असेल तर वायरवालाच घ्या. ब्लूटूथच्या किमतीत बॅटरी, चिप, माइक, चार्जिंगची डबी यांचा वाटा असतो. आवाजासाठी उरतं ते कमी. शिवाय काही वर्षांनी बॅटरी थकते आणि चांगला ड्रायव्हरही तिच्याबरोबर कचऱ्यात जातो. 'एलडॅक' हवाच असा आग्रह नको. हा कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो हे खरं, पण हेडफोनचा सूरच चुकीचा लावला असेल तर कोडेक काय करणार?

४. तुमच्या फोनशी जमेल का

दोन आकडे बघा. इम्पीडन्स, म्हणजे ओहम. आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर किती डेसिबल आवाज. फोनसाठी १६ ते ६० ओहम आणि शंभराच्या आसपास किंवा वर डेसिबल असेल तर अडचण येत नाही. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. जुना, स्वस्तात मिळतोय म्हणून घेतलात तर फोनवर तो कुजबुजेल. वेगळा अँप्लिफायर लागेल आणि स्वस्ताई संपेल.

फोनला गोल भोक नसेल तर यूएसबी-सीचा छोटा डोंगल लागतो. इथं हमखास फसायला होतं. दीडशे रुपयांचे काही डोंगल म्हणजे नुसती वायरीची जोडणी. त्यात डीएसी, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप नसते. फोन तशा जोडणीला तयार नसेल तर आवाजच येत नाही. 'डीएसी आहे का?' असं स्पष्ट विचारा आणि स्वतःच्या फोनला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ॲपलचा डोंगल आवाजाला उत्तम आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो.

५. ऐकायचा कुठे

राजारामपुरीत, शाहूपुरीत मोबाईलच्या दुकानांना तोटा नाही, पण वर सांगितलेल्यातलं तिथं फारसं मिळणार नाही. मिळतील ते ब्लूटूथ, आणि ऐकवायला ठेवलेले त्याहून कमी. इन-इअरचं सील दुकानदार फोडत नाही. मला राग आला होता, तो म्हणाला, "सर, सील तुटलं की माल माझ्या अंगावर." बरोबरच होतं त्याचं.

मग मी हे केलं: वाद्यांच्या दुकानात चौकशी केली, तिथं कधीकधी एखादा स्टुडिओ हेडफोन ऐकवायला ठेवलेला असतो. ओळखीच्या साउंडवाल्याकडे गेलो. कचेरीत कुणाकडे काय आहे ते मागून दुपारच्या सुट्टीत ऐकलं. घ्यायचं मॉडेल मिळालं नाही तरी चालतं. आपल्याला तीक्ष्ण सोसतं की उबदार, कानात इन-इअरची रबरी टोपी सहन होते की नाही, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जरासा मोठा वाजणारा हेडफोन कानाला नेहमी चांगला वाटतो. दुकानात आवाज चढवून देतात तो उगाच नव्हे. आधी मोठा, मग लहान, मग अगदी लहान करून बघा. अगदी लहान असतानाही तंबोरा हजर असेल तर निवडीत पुढे घ्या.

नेटवर मागवताना हेडफोनचा आवाज मोजून काढलेला आलेख बघायची सवय लावा. आडवी रेघ म्हणजे वारंवारता, उभी म्हणजे किती जोर. तीन जागा पुरेत: २०० ते ३०० हर्ट्झला टेकाड असेल तर आवाज चिखलात, ३ हजारांजवळचा चढ नैसर्गिक, कारण आपल्या कानाची नळीच तिथं घुमते, ६ ते ९ हजारांत सुळका दिसला तर माझ्या खालच्या खणाची आठवण काढा. तेवढं एक लक्षात घ्या की ८ हजारांजवळ मोजणाऱ्या यंत्रामुळेही इन-इअरच्या आलेखात सुळका येतो, म्हणून दोन वेगळ्या ठिकाणचे आलेख बघा.

६. डब्यावरचे सापळे

'५० मिलिमीटर ड्रायव्हर': मोठी परात म्हणजे चांगला स्वयंपाक नव्हे.

'२० ते ४०,००० हर्ट्झ' आणि सोनेरी हाय-रेझ चिकटी: तरुण माणसाला २० हजारांपर्यंत ऐकू येतं, वयाबरोबर ते उतरतं. उरलेलं वटवाघळांसाठी.

'७.१': गाण्याचं मुद्रण बहुधा डाव्या-उजव्या दोनच वाटांचं असतं. आभासी सात वाटा बंद ठेवा.

'शंभर तास वाजवा, मग खुलतो': सगळ्यात महागात पडणारं वाक्य. शंभर तासांत बदलतो तो मुख्यतः आपला कान, त्याला सवय होते. आणि तोवर परत करायची मुदत निघून जाते. पहिल्या दोन दिवसांत टोचला तर परत करा.

७. घरी आल्यावरचे पहिले दिवस

डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा, न थांबवता, पत्त्याच्या कागदापासून डाव्या-उजव्या कानापर्यंत. बऱ्याच ठिकाणी इन-इअर 'आरोग्याच्या कारणानं' परत घेत नाहीत, फक्त बदलून देतात. मागवण्याआधीच ती अट वाचा.

मग टोप्या. इन-इअरबरोबर लहान-मध्यम-मोठ्या रबरी टोप्या येतात आणि नव्वद टक्के तक्रारींचं मूळ तिथंच असतं (हा माझा अंदाज, पण ठाम). टोपी सैल बसली की खालचा सगळा आवाज गळून जातो आणि हेडफोन पातळ, किरकिरा वाटतो. तपासायची युक्ती: दोन्ही कानांत घालून तोंड मिटून 'ॐ' म्हणा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर बसलं. एकाच बाजूला घुमला तर त्या दुसऱ्या कानाला वेगळ्या मापाची टोपी लावा. दोन कान सारखे नसतात. माझ्या डाव्याला मध्यम, उजव्याला मोठी.

वायर निघणारी असेल तर दोन्ही बाजूंच्या पिना एकाच दिशेनं बसल्यात ना बघा. एका बाजूची उलटी बसली तर गायक डोक्याच्या मध्यातून नाहीसा होतो आणि सगळं पोकळ वाटतं. मी आठवडाभर हेडफोनला शिव्या दिल्या होत्या.

फोनमधली 'बास बूस्ट', 'सराउंड' वगैरे बटणं बंद करा. ॲपमध्ये आवाजाची गुणवत्ता सर्वात वरची ठेवा. ती बहुधा मोबाईल डेटासाठी आणि वायफायसाठी वेगवेगळी लावावी लागते. एवढं करूनही थोडं टोचत असेल तर अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं इक्वलायझर ॲप आहे, त्यात हजारो हेडफोनच्या तयार दुरुस्त्या आहेत. तीक्ष्ण पट्टा दोन-तीन डेसिबल खाली घेतला की बऱ्याचदा भांडण मिटतं. सहा-सात डेसिबल ओढावे लागत असतील तर हेडफोनच बदला.

आणि आवाजाचं प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २० तास. बसच्या इंजिनावर मात करायला आपण आवाज चढवतो ते सगळ्यात वाईट. तिथं घट्ट बसणारी टोपी हाच उपाय.

८. पावसाळा आणि कागदपत्रं

आपल्याकडे जूनपासून चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तर हेडफोन कोण? डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नकली चामड्याच्या गाद्या दमटपणात सोलतात, काळे पापुद्रे कानाला चिकटतात; म्हणून गादी वेगळी मिळते का हे घेतानाच विचारा. इन-इअरच्या जाळीत मळ साचला की एक बाजू हळू वाजते. टोपी काढून, जाळी खाली करून, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. पाणी नको, सुई तर नकोच.

जपून ठेवायचं:

- जीएसटी क्रमांकासह बिल, त्यावर मॉडेल आणि असल्यास सिरीयल क्रमांक
- वॉरंटी कार्ड, दुकानातून घेतलं असेल तर शिक्का आणि तारखेसह
- डब्यावरचा एमआरपी आणि आयातदाराचं नाव-पत्ता असलेल्या कागदाचा फोटो. तो कागदच नसेल तर माल चोरवाटेचा आहे, वॉरंटी कुणी देणार नाही
- उघडतानाचा व्हिडिओ, मुदत संपेपर्यंत
- ब्लूटूथचा घेतलात तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो

विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन करताना बिल समोर ठेवा. ते गुळगुळीत कागदावर छापलेलं असेल तर आजच फोटो काढा. माझ्या बिलावरची शाई आठ महिन्यांत उडाली आणि वॉरंटी वर्षाची होती.